प्राजक्ताची लाखोली

चैत्रालीने कंबोडियाला सायकल चालवायला जायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिल्यांदा हसले ते सुधाकरराव.

"इथे ढाकुरियाच्या पुलापर्यंत जायचं तर हिला गाडी बोलवावी लागते," ते म्हणाले, "आणि म्हणे सव्वाचारशे किलोमीटर!"

"नऊ दिवसांत आहे, बाबा. एका दिवसात नाही."

"आणि कशासाठी म्हणालीस ते?"

"मुलींना फसवून नेतात ना, विकतात, त्याच्याविरुद्ध. आम्ही पंधरा जण आहोत. ज्याने त्याने ओळखीच्या लोकांकडून मदत जमा करायची. सुटून आलेल्या मुलींसाठी तिकडे एक शाळा आहे, तिला जाते ती."

सुधाकररावांनी भात कालवता कालवता मान हलवली. "मुली जातात इथून, आपल्या दारावरून जाणाऱ्या कॅनिंगच्या लोकलने, आणि तुम्ही पेडल मारणार कंबोडियात. छान आहे!"

चैत्रालीलाही हसू आलं. वडिलांच्या टोमण्यांची तिला सवय होती. श्यामलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आमटी वाढत होत्या.

"प्रत्येकाने एक नाव घ्यायचं असतं," चैत्राली म्हणाली. "त्या मुलीचं कार्ड हँडलला बांधायचं आणि तिच्यासाठी चालवायचं. मी मौसुमीचं घेतलंय. मिनतीमाशीला विचारलं मी. तिने फोटोपण दिला."

पळी भांड्याच्या काठावर आपटली. आमटीचा थेंब सुधाकररावांच्या बाहीवर उडाला. नवराबायकोची नजरानजर झाली आणि लगेच दोघांनीही ती वळवली. सहा वर्षांत त्या विषयावर त्यांचं इतकंच काय ते बोलणं होत आलं होतं.

सुधाकरराव खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये होते. बदलीवर कोलकात्याला आले तेव्हा चैत्राली आठवीत होती. निवृत्त झालो की साताऱ्याला परत जायचं, असं किती वर्षं ठरलेलं. पण मुलीला न्यू टाउनला नोकरी लागली, आणि ढाकुरियाच्या फ्लॅटमधले देव तिथेच राहिले. मिनती त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला होती. त्याच्या कितीतरी आधी सुंदरबनातलं तिचं घर वादळात वाहून गेलं, पाठोपाठ नवराही गेला, आणि लहानग्या मौसुमीला कडेवर घेऊन ती रुळांच्या कडेच्या वस्तीत येऊन राहिली. श्यामलाबाईंना ती बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची, मौसुमी काकिमा; आणि चैत्राली तिला माशी, म्हणजे मावशी. दोघी मायलेकी हिंदीत बंगाली मिसळून बोलत, श्यामलाबाई हिंदीत मराठी. आणि सगळ्यांना सगळं कळत असे.

चातुर्मासात श्यामलाबाईंचं मौन असे. पहाटे अंघोळ झाली की तोंड मिटायचं, ते देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत उघडायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. दारात दूधवाला येवो की फोन वाजो, श्यामलाबाई हातानेच काय ते सांगत. या मौनाचा घरात कधी कुणाला त्रास झाला नव्हता. मौन ही मुळी कुणाला त्रास न देण्याचीच गोष्ट, असं त्या समजत होत्या.

सहा वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात त्यांनी प्राजक्ताची लाखोली बोलली. गोदीतला एक कंटेनर न तपासता बाहेर गेला होता आणि कागदावर सही सुधाकररावांची होती. वरून चौकशी लागली. सुधाकररावांनी सही कामाच्या रगाड्यात केली, याबद्दल श्यामलाबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण ती साहेबांच्या मनात होती, आणि साहेबांचं मन वळवणं देवाच्याच हातात होतं. बाळकृष्णाला एक लाख फुलं वाहायची. श्रावणापासून कार्तिकापर्यंत हिशेब केला तर रोज अकराशे. मोजून, एकेक, मौनात. मध्ये बोललं तर त्या दिवसाची फुलं धरायची नाहीत.

अकराशे फुलं आणायची कुठून? इमारतीच्या मागे प्राजक्ताचं झाड होतं. इथे त्याला शिउली म्हणतात. मौसुमी म्हणाली, "मी आणते ना." सोळा वर्षांची पोर. पहाटे झाडाखाली जुनी चादर अंथरायची, फुलं चिखलात पडू द्यायची नाहीत. मग टोपली घेऊन वर यायची आणि देवघराच्या उंबऱ्याशी बसून शंभराशंभराच्या राशी लावायची. काकिमाच्या हातांची भाषा तिला पाठ झाली होती. मूठ मिटली की पुरे, दोन बोटं दाखवली की अजून एक टोपली. मुद्दाम चिडवायचीसुद्धा. "काकिमा, तुझा देव खरंच मोजतो का गं? नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाली तर म्हणेल, जा, नाही देत?" श्यामलाबाईंना हसू आवरत नसे आणि हसताही येत नसे. मग मौसुमीच दोघींच्या वाटचं हसायची.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी ती आली ती वेगळेच कपडे घालून. हिरवा कुर्ता, पिवळी ओढणी, तेल लावून चापून बसवलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. पहाटे पहिली टोपली दाराशीच ठेवून गेली होती; आता दुसरी ठेवली, पण राशी लावायला बसली नाही.

"काकिमा, मी दिल्लीला चाललेय. एका घरी मूल सांभाळायचंय. बापीदाने ठरवलंय सगळं, तो स्टेशनवर थांबलाय." मग आवाज खाली आला. "मा बोलत नाही माझ्याशी. या बापीदावरूनच काल मारलं तिने. तू सांग ना. जाऊ का?"

श्यामलाबाईंच्या बोटांत फूल होतं. सातशे चाळिसावं.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, ते त्यांनी पुढे देवापाशी अनेकदा सांगितलं, पण माणसापाशी कधीच नाही. मनात आलं ते एवढंच, की आता तोंड उघडलं तर सातशे एकोणचाळीस फुलं वाया. आणि हेही आलं, की वीस मिनिटांत अकराशे पुरी होतील, मग हिला चांगली समोर बसवून विचारू, कोण बापीदा, कुठलं घर, आईला न सांगता निघतेस ती कशी. वीस मिनिटं. पोर थांबावी म्हणून त्यांनी कालच्या प्रसादाच्या वाटीकडे बोट दाखवलं. मौसुमीने दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला, एक ओढणीच्या टोकाला बांधला. थोडा वेळ ती थांबलीसुद्धा. मग पिशवीतून वही काढून तिने एक पान फाडलं, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि घडी करून समईजवळ ठेवली.

"ही माझ्या मा-ला दे. येईल तेव्हा." आणि वाकून नमस्कार केला.

वाकलेल्या डोक्यावर हात ठेवायचा, ही श्यामलाबाईंच्या हाताचीच सवय होती. तो गेला.

"दिलास आशीर्वाद," मौसुमी हसून म्हणाली. "म्हणजे जाऊ."

अकराशे फुलं पुरी झाली. नैवेद्य झाला. श्यामलाबाई गॅलरीत धावल्या तेव्हा झाडाखाली नुसती चादर होती आणि तिच्यावर नंतर पडलेली चारदोन फुलं.

मिनती आली ती चौथ्या दिवशी. डोळे सुजलेले, दोन रात्री स्टेशनवर काढलेल्या. ठाण्यात जाऊन हरवल्याची डायरी करून आली होती. "मी मारलं, बौदी. म्हणून गेली. माझ्याच हाताने गेली," इतकंच ती परत परत म्हणत होती. श्यामलाबाई चिठ्ठी आणायला आत वळल्या. पोथीत ठेवली होती. सुधाकररावांनी त्यांना दारातच गाठलं.

"काय आणायला निघालीस?"

त्यांनी सांगितलं.

"अगं, वेडी आहेस का? पोलीस इथे येतील. तुझा जबाब घेतील. कस्टमवाल्याच्या घरातून मुलगी गेली म्हणून पेपरात येईल. माझ्या चौकशीचं काय? परक्या गावात कोण उभं राहणार आहे आपल्या बाजूने?" मग जरा मऊ आवाजात, "थोडे दिवस जाऊ देत. चिठ्ठी काही पळून जात नाही."

खरंच, चिठ्ठी पळून गेली नाही.

तिच्यावरच्या नंबरावर श्यामलाबाईंनी एकोणिसाव्या दिवशी फोन लावला, सुधाकरराव गोदीवर गेल्यावर. फोन बंद होता. कार्तिकात लाखोली पुरी झाली. उद्यापनाला अकरा माणसं जेवली आणि त्या पंगतीची भांडी मिनतीने घासली. मार्गशीर्षात सुधाकरराव चौकशीतून निर्दोष सुटले. महाराष्ट्र मंडळातल्या विजयाताई ओटी भरायला आल्या नि म्हणाल्या, "देव पावला हो तुम्हाला." श्यामलाबाईंनी मान खाली घातली.

मग चिठ्ठी द्यायला अडचण पोलिसांची उरली नव्हती. आज दिली तर मिनती विचारणार, इतके दिवस का नाही दिलीत? आणि हे "इतके दिवस" दर दिवसाने वाढत होते. महिन्याचं उत्तर नव्हतं, तिथे वर्षाचं कुठून आणायचं? श्यामलाबाईंनी स्वतःची समजूत घालायला एक जागा शोधून ठेवली होती. आपण खोटं बोललो नाही. मिनतीने कधी विचारलं नाही, आपण कधी नाही म्हटलं नाही. खरं बोलण्याचा नेम मोडलेला नाही. रोज पोथी उघडली की चिठ्ठी दिसे, रोज त्या ती पुढच्या अध्यायात सरकवत. लाखोली त्यांनी पुन्हा कधी बोलली नाही. रोजची एकशे आठ फुलं तेवढी चालू ठेवली. तीही आता स्वतःच खाली जाऊन वेचत.

चैत्रालीची तयारी दोन महिने चालली. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी, म्हणून शनिवारी संध्याकाळीच ती न्यू टाउनला मैत्रिणीकडे राहायला जायची आणि रविवारी तिथल्या रुंद रस्त्यांवर चाळीस चाळीस किलोमीटर मारून यायची. घरी येऊन पाय गरम पाण्यात ठेवून बसायची. "आई, मिनतीमाशी मला रोज विचारते, किती झाले? मी म्हटलं चाळीस, तर म्हणाली, चाळीस म्हणजे कॅनिंगपर्यंत जाऊन थोडी परत आलीस." एकदा मिनतीने स्वतःच तिच्या पोटऱ्यांना तेल चोळलं. श्यामलाबाई स्वयंपाकघरातून बघत राहिल्या. ज्या पायांनी ही पोर मौसुमीसाठी जाणार, त्यांना मौसुमीची आई तेल लावत होती, आणि मौसुमीची चिठ्ठी दोन भिंतींपलीकडे पोथीत होती.

त्यांनी एकदा नवऱ्यापाशी विषय काढून बघितला. "अहो, आता तुमची नोकरीही राहिली नाही. आता द्यायला काय हरकत आहे?"

सुधाकररावांनी पेपर खाली केला नाही. "आता देऊन ती मिळणार आहे का?"

"नाही."

"मग? म्हातारपणी कुणासमोर तोंड काळं करून घ्यायचं?" पेपराच्या मागूनच त्यांनी विचारलं.

जायच्या दिवशी विमान दुपारी दोनला होतं. एकादशीला अजून चार दिवस होते, चातुर्मास संपायचा होता. श्यामलाबाई सात वाजता देवासमोर बसल्या. पुढ्यात फुलांचं तबक. बाहेर चैत्राली बॅगेशी झटत होती. मिनती रोज आठला यायची, आज सातलाच आली. चपला काढल्याचा आवाज झाला आणि मग ती सरळ देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. हातात ते कार्ड होतं. मौसुमीचा फोटो, खाली इंग्रजीत आठदहा ओळी, वरून प्लास्टिक.

"दीदीने दिलं बघायला," ती म्हणाली. "मला वाचता कुठे येतं? दीदी गडबडीत आहे. तुम्ही वाचून दाखवा, बौदी. आत्ता नका बोलू, मला माहीत आहे. फुलं होऊ देत तुमची. मी बसते."

आणि ती बसली. गुडघे पोटाशी घेऊन, उंबऱ्याला टेकून. तिच्या लेकीने राशी लावल्या होत्या, नेमक्या त्याच जागी.

श्यामलाबाईंनी फूल उचललं. एक. दोन. अकरापर्यंत गेल्या आणि नजर कार्डावर गेली. इंग्रजी त्यांना पुरतं येत नव्हतं, पण चैत्रालीने साधंच लिहिलं होतं. *आईशी भांडण झालं म्हणून सोळा वर्षांची मौसुमी घर सोडून गेली. जाऊ नकोस म्हणायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.*

किती झाली होती? अकरा की बारा? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सव्वीसपर्यंत पोचल्या. मिनती कार्डावरच्या फोटोवरून पदराचं टोक फिरवत होती. प्लास्टिकवर धूळ नव्हतीच.

"दीदी म्हणाली, भांडण झालं तेही लिहिलंय," मिनती मध्येच बोलली, उत्तराची अपेक्षा नसलेल्या माणसासारखी. "मला विचारलं तिने, माशी, हे काढू का? मी म्हटलं, राहू दे. तिकडच्या लोकांनाही कळू दे, आईने मारलं म्हणून गेली. देवाला माहीत आहे, मग माणसांपासून काय लपवायचं?"

तिसऱ्यांदा मोजणी सुरू झाली. चार. पाच. सहाव्या फुलाचा केशरी देठ श्यामलाबाईंच्या बोटांत चुरगळला.

"तुझ्यामुळे नाही गेली ती," श्यामलाबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या चातुर्मासांत त्या वेळी त्या घराने त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मिनती दचकली ती आधी आवाजानेच. बाहेर बॅगेची चेन ओढायची थांबली.

"बौदी, तुमचं मौन..."

"ती इथे आली होती. त्या दिवशी सकाळी. इथेच उभी होती. मला विचारलं तिने, जाऊ का म्हणून. मी फुलं मोजत होते." श्यामलाबाईंनी पोथी उघडली. घडी पिवळी पडली होती, कडा मऊ झाल्या होत्या. "तुला द्यायला सांगितली होती."

मिनतीने चिठ्ठी घेतली, उलगडली, उलट धरली, मग सुलट. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण कुणाचं आहे ते ओळखता येत होतं. आता ही ओरडेल, शिव्या देईल, तबक उधळेल, अशी श्यामलाबाई वाट बघत होत्या. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"काय घातलं होतं तिने?" मिनतीने विचारलं.

"हिरवा कुर्ता. पिवळी ओढणी."

"पिवळी," मिनती म्हणाली. "मी पोलिसांना लाल सांगितली. लाल घरात मिळाली नाही मला, म्हणून लाल सांगितली." मग, "काही खाल्लं होतं का? रात्री जेवली नव्हती ती."

"पेढे दिले मी. दोन. एक खाल्ला. एक ओढणीला बांधून घेतला."

"बांधून घेतला," मिनतीने मान हलवली. लेकीची लहानपणापासूनची सवय ओळखावी, तशी ती मान हलली. "रडत होती?"

"नाही. हसली. मी डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, आशीर्वाद दिलास."

मिनतीने श्यामलाबाईंच्या उजव्या हाताकडे बघितलं. हळदकुंकू लागलेला तो हात श्यामलाबाईंनी पदराखाली घेतला.

"वाचा," मिनती म्हणाली.

बंगाली अक्षरं श्यामलाबाई दुकानांच्या पाट्यांवरून आणि चैत्रालीच्या शाळेच्या पुस्तकांतून शिकल्या होत्या. ही चिठ्ठी मात्र त्यांना न बघताही म्हणता आली असती. "मा, रागावू नकोस. मी दिल्लीला जाते. बापीदाच्या ओळखीचं घर आहे, त्याचा नंबर खाली लिहिलाय. मला तुझा राग नाही. पूजेला घरी येईन. तुझ्यासाठी लाल काठाची साडी आणीन. मौसुमी."

सहा दुर्गापूजा होऊन गेल्या होत्या. मागल्याच महिन्यात सातवी झाली. दर वर्षी मांडव उभे राहत, ढाक वाजत, आणि मिनती त्या पाच दिवसांत वस्तीतून बाहेर पडत नसे. मुलगी आपल्यावर रागावून गेली, असं धरून बसलेली असे.

चैत्राली दारात उभी होती. तिच्या मागे सुधाकरराव, एका हातात दाढीचा ब्रश.

"आई, तुला माहीत होतं?" चैत्रालीने विचारलं. "सहा वर्षं? मी हे सगळं लिहिलं, लोकांना पाठवलं, तू वाचलंस... तू माझ्यासाठी डब्यात लाडू भरलेस!"

"तिचा दोष नाही," सुधाकरराव पुटपुटले. "मीच म्हटलं होतं..."

"बाबा, तुम्ही हसला होतात. कॅनिंगची लोकल म्हणून."

सुधाकररावांच्या गालावरचा साबण सुकत चालला होता. ते आत गेले.

मिनती उठली. पदर खोचला. एरवी ती तशीच सिंककडे वळायची. "ठाण्यात चला, बौदी. बापीचं नाव सांगा. पिवळी ओढणी सांगा. माझं कुणी ऐकणार नाही, म्हणतील, सहा वर्षांनी चिठ्ठी कुठून आली. तुम्ही सांगा कुठून आली."

"आज चैत्रालीचं विमान..." श्यामलाबाईंच्या तोंडून अर्धं निघालं, आणि त्यांनी ते तिथेच गिळलं. पूर्वीही एकदा त्यांनी वीस मिनिटं मागितली होती.

चैत्रालीने मिनतीच्या हातातून कार्ड घेतलं. जाऊ की नको, असा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग ती टेबलाशी बसली, कात्रीने प्लास्टिक कापलं आणि त्या दोन ओळींवर काळ्या शाईने जाड रेघ ओढली. रेघेखालीही अक्षरं जरा दिसतच होती. "मी तिकडे कुणाला काय सांगू ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. "पण मी नाव दिलंय. मी जाते." मिनतीच्या पाया पडून ती उठली. श्यामलाबाईंनी वाटीत दही काढून ठेवलं होतं. परगावी निघालेल्या मुलीच्या हातावर घालायचं ते. चैत्राली वाटीजवळून गेली. दार लागलं.

तबकात फुलं तशीच पडून होती. देव त्या दिवशी पारोसा राहिला.

ठाणं चालत दहा मिनिटांवर. दोघी एका रस्त्याने गेल्या; मिनती दोन पावलं पुढे, श्यामलाबाई मागे. एरवी बाजारात जाताना बरोबर याच्या उलट असे.

सब-इन्स्पेक्टर बाई तरुण होत्या, चैत्रालीपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठ्या असतील. जुनी डायरी शोधायला पाऊण तास गेला. मिळाल्यावर त्यांनी मौसुमीचं वर्णन वाचलं, लाल ओढणीवर खूण केली आणि शेजारी पिवळी लिहिलं. नंबर एका कागदावर उतरवून घेतला, आणि म्हणाल्या, "हा आता दुसऱ्याच कुणाच्या नावावर असेल. तरी काढू जुना रेकॉर्ड." बोलण्यात आशाही नव्हती आणि टाळाटाळही नव्हती. मग जबाब.

"मुलगी तुमच्याकडे किती वाजता आली?"

"सात वाजून गेले होते."

"स्टेशनवर माणूस थांबलाय, असं तिने सांगितलं? तेव्हाच?"

"हो."

"तुमच्या घरापासून स्टेशन पाच मिनिटांवर आहे." बाईंनी वर बघितलं. "तिने तुम्हाला विचारलं, जाऊ का. तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माझं मौन होतं," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या टेबलापाशी, पंख्याखाली, फायलींच्या ढिगासमोर त्या शब्दाला काही अर्थच राहिला नाही. व्रत म्हणजे काय ते बाईंना माहीत होतं, त्याही हिंदूच होत्या. तरी पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: साक्षीदाराने मुलीस अडवले नाही. श्यामलाबाईंनी सही केली. नवऱ्याने चिठ्ठी देऊ नका म्हटलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. तेही लिहिलं गेलं. तिथेही त्यांनी सही केली.

"चिठ्ठी जमा करावी लागेल," बाई म्हणाल्या. "मूळ प्रत. पुरावा आहे तो."

मिनतीने मूठ मिटली.

"तुम्हाला झेरॉक्स देऊ आम्ही. अगदी अशीच येते."

"झेरॉक्सला तिचा हात लागलेला नाही," मिनती म्हणाली. "सहा वर्षं यांच्या देवाकडे होती. माझ्याकडे सकाळपासून आहे. अजून चार तास झाले नाहीत."

बाई थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजत होते. चैत्राली या वेळी विमानतळावर पोचली असेल, कार्ड हातातल्या बॅगेत असेल, असं श्यामलाबाईंच्या मनात येऊन गेलं. हाताला अजून प्राजक्ताचा वास होता. सकाळी त्यांनी हात धुतलेच नव्हते.

मिनतीने मूठ उघडली, पण चिठ्ठी टेबलावर ठेवली नाही. ती श्यामलाबाईंच्या समोर धरली. सकाळपासून पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत क्षमा नव्हती, आणि श्यामलाबाईंनी ती शोधलीही नाही.

"देते," ती बाईंना म्हणाली. "त्याआधी पाठ करायचीय मला. वाचा, बौदी."

श्यामलाबाईंनी वाचली. मिनतीचे ओठ मागोमाग हलत होते. लाल काठाच्या साडीपर्यंत आल्यावर तिने मान हलवली. तिच्याकडून मधलं एक वाक्य सुटलं होतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

श्यामलाबाईंनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.